ओळख उघड होण्याची धास्ती

प्रश्न : दारू सुटावी असे यजमानांना मनापासून वाटते, परंतु अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू इच्छिणाऱ्यांच्या गटाच्या सभेत ओळखीचे कोणी भेटेल या धास्तीने ते जायचे टाळतात. काय करावे? – एक वाचक, कळवा

उत्तर : १९३५ साली अमेरिकेत सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसमध्ये दारू सोडण्याची इच्छा एवढीच सदस्यत्वाची अट असून तेथे फी नसते, आडनाव सांगावे लागत नाही आणि पहिल्या दिवशी मागच्या खुर्चीवर बसून नुसते ऐकले तरी चालते. कळवा नको असेल, तर नवी मुंबईतील गट शोधावा. शेजारी तेथेही भेटलाच, तर तोही बहुधा त्याच कारणासाठी आलेला असेल. मात्र रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याविना दारू एकदम बंद करू नये, कारण फिट येणे, भ्रम होणे जिवावर बेतू शकते. व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ ही आहे. कुटुंबीयांसाठी अल-अनॉनच्या सभा असतात. यजमान तयार होईपर्यंत आपण थांबण्याचे कारण नाही.