मॅरेथॉनची तयारी, लहान मूल आणि घरचे फोटो सोशल मीडियावर: सगळं कसं जमवता?

मी बेळगावात टिळकवाडीला राहतो, मुलगी चार वर्षांची. 42.195 किलोमीटरची तयारी म्हटल्यावर काही रविवारी 28-30 किलोमीटर धावणं आलंच. पहाटे चारला येळ्ळूरच्या राजहंसगडाकडे निघतो. चढावर पाय भरून येतात, पण आठच्या आत घरी. मुलगी उंबऱ्यावर बसून माझ्या बुटांच्या नाड्या सोडते, तेव्हा फोन कपाटावर. आठवडाभर घर बायको ओढते, म्हणून रविवारची दुपार तिची.

फोटोंचं म्हणाल तर मुलीचा चेहरा, शाळेचा गणवेश कधीच टाकत नाही. आजी-आजोबांसाठी घरचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. धावण्याचा नकाशा टाकत असाल तर घराजवळचा भाग आधी लपवा, स्ट्राव्हा या धावण्याची नोंद ठेवणाऱ्या ॲपमध्ये तशी सोय आहे.