आधी एसी ठरवा, मग जनरेटर

उज्जैनचा सिंहस्थ २०२८ मध्ये आहे, आणि त्या निमित्ताने इंदुरातल्या बऱ्याच मराठी घरांत गाडीमागे ओढायचा, मुक्कामाचा ट्रेलर बांधून घ्यायची चर्चा सुरू झालेली दिसते. सोफा कुठे, बेड कुठे हे लोक आपापलं ठरवतात. जनरेटरपाशी मात्र गाडी अडते. आलेल्या पत्रांतली काही इथे घेतली आहेत. ज्यांचे प्रश्न सारखेच होते त्यांनी शेजारच्या उत्तरात आपलं उत्तर शोधावं.

प्रश्न : आम्ही दोघं निवृत्त. चौदा फुटी ट्रेलर बांधून घेतोय. एक टनाचा एसी, छोटा फ्रीज, मिक्सर आणि इंडक्शन असेल. बॉडीवाला म्हणतो, पाच केव्हीएच्या खाली जाऊच नका. सियागंजातला दुकानदार म्हणतो, अडीचमध्ये सगळं आरामात चालेल. कुणाचं ऐकावं? (सुदामानगर)

दोघांचंही नको. बॉडीवाल्याला नंतर तक्रार नको असते, दुकानदाराला आजची विक्री हवी असते. कागद घ्या आणि एकाच वेळी काय काय चालू राहणार तेवढंच लिहा. (एक केव्हीए म्हणजे ढोबळमानाने हजार वॅट, किंवा थोडं कमी.)

एक टनाचा इन्व्हर्टर एसी पूर्ण जोरात हजार-अकराशे वॅट घेतो. बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर फ्रीज पन्नास-साठ वॅट. दिवे, पंखा, मोबाइल मिळून शंभर धरा. बॅटरी चार्जर असेल तर त्याचे तीन-चारशे. झाले सोळाशे-सतराशे. आता इंडक्शन. ते एकटंच दोन हजारांपर्यंत जातं, आणि एसी चालू असताना ते लावलं की बेरीज साडेतीन हजारांच्या पुढे. पण स्वयंपाकाला लागतो अर्धा-पाऊण तास. तेवढ्यासाठी वर्षभर पाच केव्हीएचं धूड ओढत फिरणार का? इंडक्शन बाराशेवर ठेवा, तेवढा वेळ चार्जर बंद करा, किंवा सरळ गॅसची शेगडी घ्या. तुमच्यासाठी सतत तीन केव्हीए देणारा इन्व्हर्टर जनरेटर पुरेसा आहे.

‘सतत’ हा शब्द मुद्दाम वापरला. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुतेक वेळा कमाल क्षमतेचा असतो, म्हणजे काही क्षणांपुरता. खाली बारीक अक्षरात ‘रेटेड’ असं लिहिलेलं असतं, तो तुमचा आकडा. दुकानदाराचे ‘अडीच’ यातले कुठले, ते त्याच्याकडून लिहून घ्या.

खरा घोळ एसीत होतो. घरातला जुना साधा एक टनाचा विंडो एसी काढून ट्रेलरमध्ये लावायचा मोह भल्याभल्यांना होतो. तो चालताना बाराशे वॅटच घेईल, पण त्याचा कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर चार ते सहापट करंट मागतो. घरी वीजमंडळाच्या तारेला ते जाणवत नाही. इथे जनरेटरचा आवाज एकदम खाली बसतो, दिवे मिटमिटतात आणि ओव्हरलोडचा लाल दिवा लागतो. इन्व्हर्टर एसी हळूहळू वेग घेतो, त्याला हा धक्का लागत नाही. जुन्या एसीसाठी मोठा जनरेटर घेण्यापेक्षा नवा एसी घेणं स्वस्त पडतं, वजनातही आणि पेट्रोलमध्येही.

आणि बॉडी साध्या पत्र्याची न करता पफ पॅनलची, म्हणजे दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेल्या फळ्यांची, करा. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या पत्र्याखाली दीड टनाचा एसीही हात टेकतो. पफच्या ट्रेलरमध्ये एक टनाचा एसी तासाभरात मान टाकून चारशे-पाचशे वॅटवर येतो. इन्व्हर्टर जनरेटर लोडप्रमाणे इंजिनाचा वेग कमी करतो, म्हणून पेट्रोल तिथे वाचतं. तीन केव्हीएचा जनरेटर अर्ध्या लोडवर तासाला साधारण लिटरभर पेट्रोल पितो. इंदुरात पेट्रोल शंभरीपार आहे, बाकीचा हिशोब तुम्ही कराच.

प्रश्न : आमची ओढणारी गाडी डिझेलवर चालते, म्हणून जनरेटरही डिझेलचाच घ्यावा असं घरचे म्हणतात. शिवाय माझा भाऊ अमेरिकेत असतो. तिथल्या जुन्या कॅराव्हॅनमधला उत्तम जनरेटर तो पाठवायला तयार आहे. घेऊ का? (राजेंद्रनगर)

भावाला प्रेमाने नाही म्हणा. तिथला जनरेटर १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ देतो, आपल्याकडे सगळं २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट वाढवता येतील, हर्ट्झ नाही. इंजिनाचा वेग कमी करून ५० हर्ट्झ काढून देणारे मिस्त्री भेटतील. त्यात जनरेटरची ताकद घटते आणि व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर गोंधळतो. सुट्या भागांचं तर बोलायलाच नको.

डिझेलबद्दल घरच्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. टाकी एक, कॅन एक, आणि डिझेल पेट्रोलइतकं पटकन पेट घेत नाही. पण तीन-चार केव्हीएच्या आत डिझेल इंजिन जड पडतं, थरथरतं आणि आवाज करतं. ट्रेलरच्या चौकटीला चोवीस तास ती थरथर नको. दुसरं असं की डिझेल इंजिनाला काम लागतं. रात्रभर तीस टक्क्यांच्या खाली लोडवर गुरगुरत राहिलं, तर न जळलेलं तेल आणि काजळी सायलेन्सरमध्ये साचते, पुढे तिथून काळं चिकट गळायला लागतं. आणि ट्रेलरचा रात्रीचा लोड हा असाच कमी असतो. फूड ट्रकवाल्यांची गोष्ट वेगळी: डीप फ्रीजर, ओव्हन, भरपूर लोड, रोज सहा-सात तास काम. त्यांनी डिझेल जरूर बघावं. घेताना सीपीसीबी-४+ चा शिक्का पाहा. डिझेल जनरेटरसाठी धुराचे हे नवे नियम जुलै २०२४ पासून पूर्णपणे लागू आहेत, जुना माल स्वस्तात खपवणारे अजून आहेत.

गॅसवर चालणाऱ्या जनरेटरबद्दलही दोघांनी विचारलंय. इंजिन स्वच्छ राहतं, कार्ब्युरेटरची कटकट नाही. पण घरगुती लाल सिलिंडर यासाठी वापरता येत नाही. आणि गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली बसतो. सिलिंडर आणि जनरेटर एकाच कप्प्यात कधीही ठेवू नका.

प्रश्न : बॉडीवाला जनरेटर मागच्या बेडखालच्या पेटीत बसवतोय. बाहेरून झाकण, जमिनीला भोक पाडून सायलेन्सर खाली. जागा वाचते म्हणतो. ठीक आहे ना? (टिळकनगर)

ठीक नाही. काम थांबवा, मग हे पुढचं वाचा.

डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन माणसं मृत सापडली. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड आत शिरल्याचं तपासात निघालं. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं जड होतं, मळमळतं, माणूस म्हणतो प्रवासाचा शीण असेल, आणि झोपतो.

बेडखालच्या पेटीत दोन अडचणी आहेत. प्लायवूडची पेटी हवाबंद नसते. वायर जाते तिथे फट, बिजागरीपाशी फट, आणि वर गादीवर तुम्ही. दुसरी अडचण, सायलेन्सर ट्रेलरच्या पोटाखालीच संपतोय. गाडी उभी असताना धूर खाली कोंडतो आणि फरशीच्या प्रत्येक भोकातून, सिंकच्या पाइपाभोवतीच्या जागेतूनसुद्धा, वर चढतो.

बसवायचाच तर असा बसवा. कप्पा लोखंडी किंवा ॲल्युमिनियमच्या पत्र्याचा, दार फक्त बाहेरून, राहायच्या बाजूची प्रत्येक शिवण वेल्ड केलेली किंवा आगीत न वितळणाऱ्या सीलंटने भरलेली. वायर जाते तिथे ग्लँड, म्हणजे वायरभोवती घट्ट बसणारं बूच. पेट्रोलची वाफ जड असते, म्हणून कप्प्याचा तळ जाळीचा हवा. थंड हवा आत येण्याचा आणि गरम हवा बाहेर पडण्याचा मार्ग वेगळा. नाहीतर जनरेटर स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतो आणि मेच्या दुपारी बंद पडतो. सायलेन्सरचं तोंड बॉडीच्या कडेबाहेर काढा, खिडकी, दार आणि एसीच्या हवेच्या बाजूपासून दूर. बैठकीला रबरी माउंट. एक सांगतो: घरी वापरायचा सुटा, हँडलवाला जनरेटर बंद पेटीत ठेवायला बनवलेलाच नसतो. पेटीत बसवायला वेगळं मॉडेल मिळतं. ते परवडत नसेल, तर सुटा जनरेटर ट्रेलरच्या पुढच्या त्रिकोणी चौकटीवर जाळीच्या पिंजऱ्यात न्या, आणि मुक्कामी उतरवून लांब, वारा धूर ट्रेलरपासून दूर नेईल अशा बाजूला ठेवून चालवा. कमी दिमाखदार, पण मी स्वतः सांगायचं तर हेच सुचवतो.

पिंजऱ्याचं वजन विसरू नका. जनरेटर साठेक किलोचा, पिंजरा वेगळा, आणि हे सगळं ओढणाऱ्या गाडीच्या हुकवर येतं. हुकवरचा भार ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के असावा, पण तुमच्या गाडीची मर्यादा पुस्तिकेत बघा आणि ती पाळा. उलट मागे जनरेटर टांगलात आणि हुक हलका झाला, तर महामार्गावर वेग घेताच ट्रेलर शेपूट हलवायला लागेल.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपायच्या उंचीवर लावा. धुराचा अलार्म वेगळा, त्याने हे काम होत नाही.

प्रश्न : जनरेटर चालू असताना ट्रेलरच्या दाराला हात लागला की झिणझिण्या येतात. टेस्टर लावला तर बॉडीवर दिवा लागतो. इलेक्ट्रिशियनने आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावून दिलाय, त्याचं टेस्टचं बटण दाबलं की तो पडतो. मग अडचण कुठे? (महू)

अडचण अशी की ते बटण तुमची फसगत करतंय. बटण आरसीसीबीच्या पोटातच फेज-न्यूट्रलमध्ये एक छोटी गळती तयार करतं. त्यातून कळतं की आरसीसीबी जिवंत आहे. बाहेरची गळती त्याला दिसेल की नाही, हे त्यातून कळत नाही.

लहान जनरेटरचं न्यूट्रल बहुधा तरंगतं असतं, म्हणजे कुठल्याच बॉडीला जोडलेलं नसतं. फेज ट्रेलरच्या पत्र्याला चिकटली तरी करंटला परतीची वाट नाही, म्हणून आरसीसीबी गप्प. चार्जर आणि एसीच्या सर्किटमधून झिरपणारा बारीक करंट मात्र पत्रा भारतो, त्याच तुमच्या झिणझिण्या. उपाय दोन कामांचा. पत्रा, चेसिस आणि सगळ्या प्लगचं अर्थ एकाच जाड हिरव्या तारेने बांधा. मग न्यूट्रल आणि अर्थची जोडणी जनरेटरच्या बाजूला करा, जनरेटरची वीज की बाहेरची, हे बदलणाऱ्या चेंजओव्हर स्विचच्या आधी. तो स्विच फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा हवा. मुक्कामी रिसॉर्टच्या प्लगवर गेलात की ही जोडणी आपोआप सुटली पाहिजे. तिथे न्यूट्रल-अर्थ त्यांच्या बाजूला जोडलेलं असतं. दोन्हीकडे जोडलंत तर त्यांचा आरसीसीबी विनाकारण पडत राहील. काही इन्व्हर्टर जनरेटरमध्ये ही जोडणी कंपनीला चालत नाही, तेव्हा आधी पुस्तिका वाचा. आणि तोवर दाराला ओल्या हाताने शिवू नका.

प्रश्न : पावसाळाभर गाडी उभी होती, आता जनरेटर सुरूच होत नाही. दोरी ओढून खांदा गेला. (वैशालीनगर)

कार्ब्युरेटर. खालची वाटी उघडा, तळाशी पिवळट चिकट थर आणि पाण्याचे थेंब दिसतील. आपल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असतं आणि ते ओल ओढतं. जेटचं, म्हणजे पेट्रोल जिथून इंजिनाकडे जातं त्या बारीक नळीचं, भोक केसाएवढं असतं, क्लीनर फवारून हवेने फुंकून घ्या. तार खुपसू नका, भोक मोठं होतं. पुढच्या वेळी उभा करताना पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू द्या. एरवी महिन्यातून एकदा अर्ध्या लोडवर अर्धा तास चालवा.

प्रश्न : जूनमध्ये ट्रेलर घेऊन लेहला जातोय. तीन केव्हीए पुरेल का? (लोकमान्यनगर)

दर तीनशे मीटरला इंजिनाची ताकद साधारण तीन-साडेतीन टक्के घटते. लेह साडेतीन हजार मीटरवर आहे, तेव्हा तीनमधले जेमतेम दोन उरतील. एसी तिथे लागणार नाही, चार्जर आणि फ्रीजला तेवढं खूप. काळा धूर आला तर कंपनीच्या सर्व्हिसकडून उंचीचा जेट बसवून घ्या आणि परतल्यावर आठवणीने बदला. पेट्रोल परवान्याविना तीस लिटरपर्यंत ठेवता येतं, तेही धातूच्या कॅनमध्ये आणि राहायच्या जागेबाहेर.

प्रश्न : एवढ्या भानगडीपेक्षा छतावर सोलर लावून मोकळं व्हावं का? (विजयनगर)

एसी नको असेल तर हो, आजच. शंभर अँपिअर-तासाच्या बारा व्होल्ट लिथियम बॅटरीत साधारण तेराशे वॅट-तास मावतात. फ्रीज, दिवे, पंखा यावर रात्र निघते. एसी मात्र त्यावर दोन-अडीच तासांत बॅटरी रिकामी करेल. छतावर पाचशे वॅटचे दोनच पॅनल मावले, तर उन्हाळ्यात दिवसाला चारेक युनिट हाती लागतील आणि जुलै-ऑगस्टमध्ये ढग म्हणतील ते. मांडू, महेश्वर, हनुवंतिया अशा दोन दिवसांच्या फेऱ्यांना सोलर आणि दोन बॅटऱ्या, सोबत दोन केव्हीएचा छोटा सुटा जनरेटर, ही जोडी मला सगळ्यात पटते. रात्री दहानंतर जनरेटर बंद ठेवता येतो, शेजारच्या तंबूतले शिव्या देत नाहीत.

प्रश्न : जनरेटर बसवल्यावर आरटीओची अडचण येईल का? (देवास)

ट्रेलरची नोंदणी गाडीपेक्षा वेगळी होते. वजन आणि मापं नोंदणीच्या कागदाशी जुळली पाहिजेत, म्हणून जनरेटर आधीच नकाशात दाखवून बांधून घ्या. नंतर चौकट कापून बसवलात तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं, आणि कंपनीच्या मूळ रचनेत फेरफार चालणार नाहीत असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केलंय. पिंजऱ्यातला सुटा जनरेटर हे सामान ठरतं, तरी एकूण वजन मर्यादेत हवंच. पाण्याची टाकी भरून, माणसं सोडून, सगळ्या सामानासकट एकदा धर्मकाट्यावर चढवून पावती जवळ ठेवा.