गावात घर बांधायला सरकारी गृहकर्ज मिळतं का? व्याज किती लागतं?

सरकार स्वतः गृहकर्ज वाटत नाही. गावाकडे आहे ते घरकुल, म्हणजे प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, आणि ते अनुदान आहे. सपाट भागात 1 लाख 20 हजार, डोंगरी भागात 1 लाख 30 हजार, हप्त्याहप्त्याने खात्यात, वर रोजगार हमीची मजुरी. तेही यादीत नाव असेल तर. तुमच्या ओळखीत कुणाला गृहकर्जाच्या व्याजावर सवलत म्हणून 2 लाख 67 हजारांपर्यंत मिळाले असतील तर ती शहरी योजना होती.

बाकीच्यांना बँकेचं साधं गृहकर्ज. तिथे व्याजावर बोलणं फार नंतर येतं, आधी जागा कुणाची ते विचारतात.

आम्हाला गावठाणातलं आजोबांचं घर पाडून नवं बांधायचं होतं. माझा पगार, सिबिल, सगळं ठीक. चुलते म्हणाले, घरपट्टी आपण भरतो, नमुना 8 ला आपली नावं आहेत, अजून काय पाहिजे? बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी तो उतारा बाजूला ठेवला. तो ग्रामपंचायतीचा कर आकारणीचा कागद, त्यावरून मालकी ठरत नाही. त्यांनी आजोबांचे सगळे वारस लिहून मागितले. दोन मुलगे आणि तीन मुली. म्हणजे आत्यांच्या सह्या.

इथून भावकीत जे सुरू झालं ते आजही थांबलेलं नाही. लग्न होऊन गेलेल्या बहिणींचा काय संबंध, तू त्यांना जागं केलंस, असं चुलते लग्नकार्यात चारचौघांत ऐकवतात. संबंध आहे. आजोबांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलींना 1956 च्या हिंदू वारसा कायद्यापासून वाटा आहे आणि 2005 नंतर वडिलोपार्जितातही मुलाइतकाच. बँकेने नवीन काही मागितलं नव्हतं. उद्या हप्ते थकले आणि घर विकायला काढलं तर एक वारस उभा राहून सगळं अडवू शकतो, म्हणून त्या सह्या लागतात. आत्यांनी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं, एक रुपया न मागता. मोठ्या आत्या एवढंच म्हणाल्या, "विचारायला आलास, बरं वाटलं." त्यांना इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं, आणि माझा राग त्याचाच आहे.

तेव्हा तुम्ही आधी वारस नोंद बघा. गावाची स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल (2020 पासून चालू आहे) तर भूमी अभिलेखकडून मालमत्ता पत्रक काढा. त्यावर नाव कुणाचं लागलंय ते नीट वाचा, नुसत्या थोरल्या भावाचं असेल तर बहिणींशी आत्ताच बोला. सह्या फोनवर मागू नका, घरी जा. आणि एखादी बहीण नाही म्हणाली तर तिचा वाटा द्या, तो तिचाच आहे.

हे सगळं गावठाणातल्या घराचं झालं. शेतात बांधणार असाल तर बिनशेती केल्याशिवाय बहुतेक बँका हात लावत नाहीत, कारण कोर्टात न जाता तारण ताब्यात घेऊन विकू देणारा 2002 चा सरफेसी कायदा शेतजमिनीला लागू नाही, त्यांना त्या मार्गाने वसुली करता येत नाही. गावठाणापासून 200 मीटरच्या आत जमीन असेल तर काम सोपं होऊ शकतं, तहसीलमध्ये चौकशी करा. कर्ज 30 लाखांपर्यंत असेल तर बँक जास्तीत जास्त 90 टक्के देऊ शकते, उरलेले पैसे हातात ठेवूनच जुनं घर पाडा.