अप्पा म्हणतात, मी मंडळी सोडली

पुणे आणि पिंपरी-चिंचवड परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांबरोबर समुपदेशनाचे काम करताना एक काळजी माझ्यापुढे वारंवार येते: जुन्या चर्चची उपासना सोडून कोणाच्या तरी घरी भरणाऱ्या मंडळीत, म्हणजे विश्वासणाऱ्यांच्या समुदायात, जाऊ लागलो, तर आपण चुकलो का? हा प्रश्न विचारणारी व्यक्ती बहुधा एकटीच येते आणि तिच्याशी घरातल्या कोणीतरी बोलणे थांबवलेले असते. पुढील अनुभव संबंधित बाईंच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून लिहीत आहे.

त्या परिचारिका आहेत. त्यांचे माहेर नगर जिल्ह्यातील. अमेरिकन मराठी मिशन या प्रोटेस्टंट धर्मप्रसारक संस्थेचे काम त्या भागात १८३१ मध्ये सुरू झाले आणि त्यांच्या घराण्यातील चौथी पिढी आज त्याच परंपरेतील चर्चमध्ये उपासनेला बसते. वडील, म्हणजे अप्पा, तिथे बरीच वर्षे चर्च कमिटीवर होते. लग्नानंतर शहरात आल्यावर या बाईंनी आपले सभासदत्व एका मोठ्या चर्चमध्ये नोंदवले, परंतु गेली दोन वर्षे त्या आपल्याच इमारतीत एका फ्लॅटमध्ये जमणाऱ्या वीस-पंचवीस जणांच्या सहभागितेत, म्हणजे छोट्या घरगुती मंडळीत, जात होत्या. मुलगी आठ महिन्यांची झाली होती. तिचा बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती मंडळीत प्रवेशाचा पाण्याचा विधी, आपल्या चर्चमध्ये व्हावा, असा अप्पांचा आग्रह होता. घरगुती मंडळीचे पास्टर मात्र बालबाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नव्हे, असे सांगत होते आणि बाईंनी स्वतः पुन्हा, पाण्यात बुडून, बाप्तिस्मा घ्यावा व जुन्या चर्चमध्ये जाणे बंद करावे, असे सुचवत होते. नाताळापासून अप्पांनी फोन उचललेला नव्हता.

"ताई, अप्पा म्हणतात, मी मंडळी सोडली. खरंच सोडली का हो?" हे त्यांचे पहिले वाक्य होते.

पहिल्या भेटीत आम्ही बाप्तिस्म्यावरच बोललो आणि त्या आपल्या वहीतून एकेक वचन काढून दाखवत राहिल्या. शास्त्रवचनांचा असा साठा घेऊन माणूस येतो तेव्हा त्याला अडवू नये, असे मला वाटते, कारण त्याने तो रात्री जागून गोळा केलेला असतो. दुसऱ्या भेटीत मी वही बाजूला ठेवायला सांगून इतकेच विचारले, की त्या फ्लॅटमध्ये तुम्ही पहिल्यांदा गेलात तो दिवस कोणता होता. त्यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग कळले, की या मुलीच्या आधी सातव्या महिन्यात त्यांचे एक बाळ गेले होते. पती दुसऱ्या पाळीला कामावर जात. शेकडो कुटुंबांच्या त्या चर्चमधून कोणी आले नाही. एवढ्या कुटुंबांमागे एकटेच असलेल्या पाळकसाहेबांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, ती बातमी पोहोचली तरी होती का, हेही त्यांना ठाऊक नव्हते. अप्पा आले, "देवाची इच्छा" एवढेच म्हणाले आणि संध्याकाळच्या एसटीने परत गेले. खालच्या मजल्यावरची शेजारीण मात्र तीन आठवडे डबा घेऊन येत राहिली आणि एका गुरुवारी हात धरून त्यांना आपल्या घरच्या प्रार्थनेला घेऊन गेली.

माझ्या अनुभवात, पारंपरिक चर्च की घरगुती मंडळी, हा वाद म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक प्रकरणांच्या तळाशी अशी एखादी न केलेली विचारपूस असते. तिच्याकडे न पाहता उपासनेच्या पद्धतीवर निर्णय द्यायला मी तयार होत नाही. जो माणूस दुःखात एकटा पडला, त्याला आधी ते दुःख बोलता आले पाहिजे.

तरीही त्यांच्या प्रश्नाला उत्तर देणे आवश्यक होते. बायबलमधील प्रेषितांची कृत्ये या पुस्तकातील दुसऱ्या अध्यायाचे ४६ वे वचन आम्ही एकत्र वाचले. त्यात पहिले विश्वासणारे दररोज यरुशलेमच्या मंदिरातही जमतात आणि घरोघरी भाकरही मोडतात. या दोन्ही गोष्टी एकाच वाक्यात आहेत. बायबलमधील प्रिस्का व अक्विला या आरंभीच्या ख्रिस्ती दांपत्याच्या घरी मंडळी जमत होती, फिलेमोनाच्याही घरी जमत होती. तेव्हा फ्लॅटमध्ये जमणे म्हणजे मंडळी सोडणे, असे म्हणता येत नाही. मात्र त्याच मोजमापाने, जुने चर्च सोडल्याशिवाय खरी भक्ती होत नाही, असेही म्हणता येत नाही. बाप्तिस्म्याबाबत त्यांना ठाऊक नसलेली एक गोष्ट मी सांगितली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, त्यांत बालबाप्तिस्मा देणारे होते तसे केवळ प्रौढ विश्वासणाऱ्यांना बाप्तिस्मा देणारे बॅप्टिस्टही होते आणि या चर्चने दोन्ही पद्धतींना जागा ठेवली. अप्पांचे चर्चही याचाच भाग; म्हणजे त्यांच्या चर्चमध्येच हा मतभेद पन्नासहून अधिक वर्षे एका छताखाली नांदत आहे, हे ऐकून त्या प्रथमच थोड्या सैलावल्या.

यानंतर मी त्यांना घरगुती मंडळीविषयी काही गोष्टी विचारून घ्यायला सांगितले: दानाचा हिशेब कोण ठेवतो, पास्टर स्वतः कोणाला जबाबदार आहेत, आणि त्यांच्याशी असहमत झालेल्या माणसाचे पुढे काय होते. या प्रश्नांची त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती मला महत्त्वाची वाटली. जुन्या चर्चमध्ये कमिटी असते, सभासदांची वार्षिक सभा असते, पाळकावर बिशप असतात. तिथेही भांडणे व अन्याय होतात, परंतु तक्रार कोठे न्यायची ते ठाऊक असते. छोट्या मंडळीत माया भरपूर असते, मात्र सारा कारभार एकाच माणसाच्या शब्दावर चालत असेल तर त्याच मायेचे दडपण होऊ शकते. व्यवहाराचीही एक बाजू आहे, जी तरुण कुटुंबे फार उशिरा विचारतात. भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा १८७२ चा आहे आणि लग्न लावणाऱ्याला त्या कायद्याने अधिकार असावा लागतो. घरगुती मंडळीच्या पास्टरांकडे तो परवाना आहे की नाही, हे लग्नाची तारीख ठरण्याआधी पाहावे. दफनभूमीत जागा मिळण्याचा प्रश्नही अनेक ठिकाणी चर्चच्या सभासदत्वाशी जोडलेला असतो.

त्यांनी विचारले. हिशेबाची वही पास्टरांनी लगेच समोर ठेवली, हे मला चांगले लक्षण वाटले. पुन्हा बाप्तिस्मा घेण्याबाबत मात्र ते मागे हटले नाहीत.

अप्पा तिसऱ्या भेटीला आले. आरंभी ते माझ्याशीच बोलत होते, मुलीकडे पाहत नव्हते. मी त्यांना त्यांच्या बालपणीच्या उपासनेविषयी विचारले. ते सांगू लागले, की त्यांच्या गावात चर्चची इमारत नव्हतीच. पाळक महिन्यातून एकदा येत आणि एरवी रात्री त्यांच्याच ओसरीवर पेटी घेऊन रेव्हरंड टिळकांची भजने चालत. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनच्या चाकरीबाहेर पडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला होता आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही स्थान होते. त्याच टिळकांची गीते आज जुन्या चर्चमध्ये दर रविवारी गायली जातात. ही आठवण मी अप्पांना करून दिली, तेव्हा ते म्हणाले, "आमची ओसरी होती, हिचा फ्लॅट आहे." मग त्यांनी मुलीकडे वळून विचारले, "बाळाच्या वेळी मी थांबायला हवं होतं का?" ती "हो" म्हणाली. त्या तासात यापलीकडे फारसे बोलणे झाले नाही, आणि होण्याची गरजही नव्हती.

पुढच्या महिन्यात अप्पा चार दिवस मुलीकडे राहिले. त्यांच्या विनंतीवरून गावाकडच्या पाळकांनी येऊन गेलेल्या बाळासाठी त्या घरात प्रार्थना केली. शेजारीण व सहभागितेतील काही स्त्रिया आल्या, पास्टर आले नाहीत. बाईंनी जुन्या चर्चमधील सभासदत्व ठेवले आहे, त्या महिन्यातून एकदा प्रभुभोजनाला, म्हणजे भाकर व द्राक्षरसाच्या विधीला, तिथे जातात आणि गुरुवारी फ्लॅटमध्ये. मुलीच्या बाप्तिस्म्याचा निर्णय पती-पत्नींनी अजून घेतलेला नाही आणि अप्पा त्याविषयी विचारत नाहीत. पुन्हा बाप्तिस्मा न घेताही सहभागितेत येता येईल, परंतु प्रार्थना चालवता येणार नाही, असे पास्टरांनी अलीकडे कळवले आहे. ही अट मान्य करायची की नाही, यावर आमच्या भेटी सुरू आहेत.