टेक्सासच्या अर्ली कॉलेज हायस्कूलमध्ये हजेरी कशी मोजतात? डिसेंबरमध्ये मुलीला लग्नासाठी तीन आठवडे भारतात नेता येईल का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: मुलगी ह्यूस्टनजवळच्या अर्ली कॉलेज हायस्कूलमध्ये, म्हणजे शाळेबरोबरच कॉलेजचे विषयही घेता येतात अशा शाळेत, अकरावीत आहे. कम्युनिटी कॉलेजचे (स्थानिक दोन वर्षांच्या कॉलेजचे) दोन विषय मंगळवारी आणि गुरुवारी असतात, बाकीचे विषय शाळेतच. तर सोमवार, बुधवार, शुक्रवारी ते तास रिकामे असताना ती घरी थांबली तर चालेल का? आणि डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तुमच्या भावाचं साताऱ्याला लग्न आहे, त्यासाठी तिला तीन आठवडे नेलं तर?

पहिल्याचं उत्तर नाही. दुसऱ्याचं उत्तर असं की तीन आठवडे नेऊ नका, पण लग्न बहुधा चुकवावं लागणार नाही. मी टेक्सासमधल्याच एका हायस्कूलच्या ऑफिसात हजेरीचं काम बघते. आमच्याकडेही कॉलेजचे विषय घेणारी मुलं आहेत, आणि दर वर्षी नोव्हेंबरात भारताची तिकिटं काढून झाल्यावर खिडकीशी येणारे आईवडील मी बघते. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे लक्षात घ्या की तुमच्या मुलीचं नाव दोन हजेरीपटांवर आहे, एक शाळेच्या आणि एक कॉलेजच्या. दोन्ही ठिकाणचे नियम वेगळे, सुट्ट्या वेगळ्या, रजा देणारी माणसं वेगळी. शाळेने रजा मंजूर केली म्हणून कॉलेजच्या प्राध्यापकांना ती लागू होत नाही, आणि प्राध्यापकांनी ‘ये नंतर’ म्हटलं म्हणून शाळेचा पट भरत नाही. पालकांची बहुतेक गडबड इथेच होते. आपल्याकडच्या ज्युनिअर कॉलेजात ७५ टक्क्यांचा एकच नियम असतो आणि वर्षअखेरीला तो कसाबसा जुळवून घेतला जातो, हा अनुभव मनात ठेवून इकडे चालू नका.

शाळेचा पट आधी बघू. टेक्सासमध्ये सरकारी शाळांना राज्याचा पैसा मिळतो तो पटावर किती नावं आहेत यावर नाही, तर रोज सरासरी किती मुलं हजर होती यावर. त्यामुळे रोज एका ठरलेल्या वेळी शाळा हजेरीची नोंद करते. आमच्याकडे ती दुसऱ्या तासाला होते. त्या वेळी मूल जागेवर नसेल तर राज्याच्या हिशेबात त्या दिवशी ते गैरहजर, मग दहा मिनिटांनी धावत आलं तरी.

कॉलेजचा वर्ग त्या वेळेला आला तर काय? तेव्हा मूल शाळेबाहेर असलं तरी हजर धरलं जातं, कारण ते कॉलेजच्या वर्गात बसलेलं आहे. पण बसलेलं असायला हवं. आमच्याकडे मुलं बसमध्ये चढताना यादीवर खूण होते आणि कॉलेजकडूनही वर्गात कोण आलं नाही ते कळतं. बसमध्ये चढून कॉलेजच्या कँटीनमध्ये बसलेलं मूल दोन्हीकडे गैरहजर ठरतं.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवारचे रिकामे तास. ते रिकामे नसतात. शाळा त्या तासांना अभ्यासिका किंवा एखाद्या शिक्षकांची देखरेख लावते आणि तिथेही हजेरी होते. वेळापत्रकातच उशिरा यायची किंवा लवकर जायची लेखी मुभा असेल तर गोष्ट वेगळी. ती मुभा साधारण बारावीच्या मुलांना मिळते, आणि त्यासाठी काउन्सेलरकडे (विषय आणि वेळापत्रकाबद्दल सल्ला देणाऱ्या शाळेतल्या व्यक्तीकडे) अर्ज करावा लागतो. तुमच्या मुलीच्या वेळापत्रकावर त्या तासाला खोलीचा नंबर छापलेला असेल, तर तिने त्या खोलीत असायलाच हवं.

याहून अवघड जातात ते दोन कॅलेंडरं न जुळणारे दिवस. कॉलेजचं सत्र ऑगस्टच्या शेवटी सुरू होतं, शाळा त्याआधीच सुरू झालेली असते. डिसेंबरात कॉलेजच्या परीक्षा आधी संपतात, शाळा पुढे चालू राहते. जानेवारीत शाळा आधी उघडते, कॉलेज महिन्याच्या मध्याला. या मधल्या दिवसांत मुलं ‘आमचं कॉलेज संपलं’ म्हणून झोपून राहतात आणि आमच्या पटावर लाल खुणांची रांग लागते. याच्या उलटही होतं. शाळेला शिक्षक प्रशिक्षणाची सुट्टी असते, बस येत नाही, पण कॉलेजमध्ये त्या दिवशी चाचणी असते. तेव्हा मुलीला गाडीने तुम्हीच सोडायचं. अकरावीत ती अमेरिकन इतिहास कॉलेजमधून घेत असेल तरी वसंतात राज्याची स्टार परीक्षा शाळेतच द्यावी लागते, आणि त्याच सकाळी कॉलेजचा तास असला तर प्राध्यापकांना आधी कळवायचं काम मुलीचं. ऑगस्टमध्येच दोन्ही कॅलेंडरं फ्रिजवर शेजारी शेजारी लावा आणि न जुळणाऱ्या दिवसांवर खूण करा.

आता तीन आठवड्यांचा हिशेब. टेक्सासच्या कायद्यानुसार एखाद्या विषयाचं क्रेडिट, म्हणजे तो विषय पूर्ण केल्याची अधिकृत नोंद, मिळायला तो वर्ग जितके दिवस भरला त्याच्या किमान ९० टक्के दिवस हजर राहावं लागतं. सत्र ८५ दिवसांचं धरलं तर ८ दिवस चुकवता येतात. तीन आठवडे म्हणजे शाळेचे १५ दिवस, म्हणजे हजेरी ८२ टक्क्यांवर आली. ७५ ते ९० टक्क्यांच्या मध्ये असलं तर मुख्याध्यापक एक योजना आखून देऊ शकतात, शनिवारी किंवा शाळा सुटल्यावर बसून तास भरून काढायची. ती पूर्ण केली तर क्रेडिट मिळतं. ७५ च्याही खाली गेलं तर प्रकरण हजेरी समितीपुढे जातं. मुलीची शाळा एक दिवसाआड तास घेत असेल, ए-दिवस आणि बी-दिवस, तर जास्तच जपा. तिथे एका विषयाचे सत्रात ४२ च्या आसपास वर्ग होतात, म्हणजे चारच चुकवायची सोय. आणि ताप, सर्दी, गाडी बंद पडणं हे सगळं त्यातच बसवायचं असतं.

दुसरी बाजू कायद्याची. सहा महिन्यांत १० किंवा जास्त दिवस, किंवा दिवसाचे भाग, मंजुरीशिवाय गैरहजर राहिल्यास १२ ते १८ वर्षांच्या मुलाचं प्रकरण शाळेला ट्रुअन्सी कोर्टाकडे, म्हणजे शाळा बुडवण्याची प्रकरणं बघणाऱ्या कोर्टाकडे, पाठवावं लागतं. आधी, चार आठवड्यांत तीन दिवस चुकले की घरी इशाऱ्याचं पत्र येतं. २०१५ पर्यंत हा मुलांवरचा गुन्हा मानला जायचा, आता तो दिवाणी मामला आहे, ही फार चांगली सुधारणा झाली. पालकांवर मात्र अजूनही दंड होऊ शकतो, पहिल्यांदा शंभर डॉलरपर्यंत. घरातलं लग्न हे ‘एक्सक्यूज्ड’, म्हणजे मंजूर, कारणांत धरलं जाईलच असं नाही. मुख्याध्यापकांच्या परवानगीवर ते अवलंबून असतं. म्हणून परवानगी लेखी घ्या, आणि तिकिटं काढायच्या आधी घ्या.

कॉलेजचा पट साधा दिसतो, पण माफ कमी करतो. तिथला नियम सिलॅबसमध्ये लिहिलेला असतो आणि प्रत्येक प्राध्यापकाचा वेगळा असू शकतो. सत्राच्या बाराव्या वर्गदिवशी कॉलेज अधिकृत पट नक्की करतं. त्याआधी विषय सोडला तर ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या गुणपत्रकावर) काही उरत नाही. नंतर सोडला तर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याची खूण) येतो, आणि मुदत उलटून गेल्यावर नुसतंच जाणं बंद केलं तर ‘एफ’ (नापास) येऊ शकतो. हा ट्रान्स्क्रिप्ट कायमचा असतो. उद्या ती विद्यापीठात अर्ज करेल तेव्हा सोळाव्या वर्षी मिळालेला हा ग्रेड सोबत पाठवावाच लागतो. अर्ली कॉलेजमध्ये ६० क्रेडिटपर्यंतचं कॉलेज शिक्षण मुलांना शिकवणी फी न भरता मिळतं. माझ्या मते आपल्या मुलांसाठी टेक्सासमध्ये याच्याइतकी मोठी संधी दुसरी नाही, म्हणून लग्नाच्या गर्दीत तिला धक्का लागू नये असं मला मनापासून वाटतं.

कॉलेजचा एखादा विषय ऑनलाइन आहे म्हणून तो साताऱ्याहून करता येईल, असं तुमच्या मनात असेल तर दोन गोष्टी बघा. नुसतं लॉगिन केल्याने हजेरी लागत नाही. काहीतरी सादर करावं लागतं, चाचणी, निबंध किंवा चर्चेतलं उत्तर. आणि डिसेंबरात साताऱ्याचं घड्याळ टेक्सासच्या साडेअकरा तास पुढे असतं. रात्री ११.५९ ची मुदत म्हणजे तुमच्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळी ११.२९, ऐन हळदीच्या वेळेला. परीक्षा कॅमेऱ्यासमोर द्यायची असेल तर लग्नघरात शांत खोली आणि न तुटणारं इंटरनेट लागेल.

रजेची जी कारणं कायद्यानेच मान्य आहेत ती मात्र बिनधास्त वापरा. दिवाळीसारख्या धार्मिक सणासाठी शाळेला चिठ्ठी दिली तर ती रजा मंजूर होते, जायच्या-यायच्या प्रवासाचा एकेक दिवसही धरला जातो आणि तिचा फटका हजेरीला बसत नाही. कॉलेजलाही असाच वेगळा कायदा आहे, पण तिथे प्राध्यापकांना आधी लिहून कळवावं लागतं. डॉक्टरकडे नेलं तर सही-शिक्क्याची चिठ्ठी आणा, आणि त्याच दिवशी आधी किंवा नंतर एका तासासाठी का होईना तिला शाळेत पाठवा, मग तो दिवस हजेरीत धरला जातो. बरेच पालक दुपारी दोनला दवाखाना आटोपला की ‘आता काय उरलंय’ म्हणून घरी जातात.

आणखी एक गोष्ट आपल्या आयांना जड जाते. कॉलेजच्या प्राध्यापकांना तुम्ही मेल केलात तर बहुधा उत्तर येणार नाही. १९७४ च्या फेर्पा कायद्यानुसार (विद्यार्थ्यांच्या नोंदी कोणाला बघता येतात ते ठरवणारा अमेरिकेचा कायदा) कॉलेजातल्या नोंदींवर हक्क विद्यार्थ्याचा, ती सोळा वर्षांची असली तरी. शाळेकडे असलेल्या नोंदी मात्र तुम्ही बघू शकता, कॉलेजने शाळेला पाठवलेले ग्रेडसुद्धा. म्हणून प्राध्यापकांना मुलीने स्वतः, कॉलेजच्या ईमेलवरून लिहायचं, आणि तुम्ही शाळेच्या काउन्सेलरना भेटायचं.

तर लग्नाचं असं करा. तुळशीचं लग्न झालं की आपले मुहूर्त सुरू होतात आणि पौष लागायच्या आत उरकायची घाई असते, आणि कॉलेजच्या परीक्षा नेमक्या त्याच दिवसांत येतात, त्यामुळे आधी सिलॅबसमधली शेवटच्या पेपरची तारीख बघा. ती लग्नाच्या दिवशी किंवा आदल्या-नंतरच्या दोन-तीन दिवसांत येत असेल, तर मुलीला आत्ताच, म्हणजे सप्टेंबरात, प्राध्यापकांना विचारू दे की पेपर आधी देता येईल का. हो म्हणणं पूर्णपणे त्यांच्या हातात आहे, आणि सप्टेंबरात विचारलेल्या मुलीला ते जास्त सहजपणे हो म्हणतात. नाही म्हणाले तर मुलीला इथेच ठेवा, मग लग्न चुकेल. तुम्ही करवली आहात, तुम्हाला आधी जायलाच हवं. तुमच्याबरोबर तिला नेऊ नका. पेपर लग्नाच्या आधी संपत असेल किंवा आधी देता आला, तर तो झाल्यावर ती वडिलांबरोबर येऊ दे, साखरपुडा चुकला तरी चालेल, लग्न आणि पूजा मिळेल. असं केलं तर शाळेचे पाच-सहा दिवस जातील, आठच्या आत. त्यासाठी मुख्याध्यापकांना तारखा, कारण आणि परतीचं तिकीट जोडून पत्र द्या आणि त्याची पोच घ्या. ए-दिवस बी-दिवसवाली शाळा असेल तर प्रत्येक विषयाचे किती वर्ग जातात ते मुलीला वहीत मांडून दाखवायला सांगा. आणि ऑगस्टपासून आत्तापर्यंत तिचे किती दिवस चुकलेत ते शाळेच्या पोर्टलवर आज रात्रीच बघून घ्या.