सगळे संदेश एन्क्रिप्टेड असतील तर लष्करी मोहिमेत रेडिओ सायलेन्स कशाला पाळतात?

उमेदीची सगळी वर्षं सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन शाखेत गेली, म्हणून राहवलं नाही. "सिक्रसी लावलीय ना, मग बोला की!" हे मी एका साहेबांच्या तोंडून ऐकलंय (सिक्रसी म्हणजे बोलणं कोडमध्ये बदलणारी यंत्रणा). भोगलं आमच्या डिटॅचमेंटने, म्हणजे छोट्या तुकडीने.

राजस्थानात सराव होता. रात्री ब्रिगेड पुढे सरकणार. हुकूम एकच: सेट चालू, कान हेडफोनला, प्रेसल, म्हणजे बोलायचं बटण, दाबायचं नाही. निरोप तारेच्या फोन लाइनवर, नाहीतर डीआरच्या (मोटरसायकलवरच्या निरोप्याच्या) हाती. साहेबांना मागच्या गाड्या दिसेनात. त्यांनी माझ्या हातून हँडसेट ओढला आणि विचारलं, कुठवर आलात? उत्तर आलं. यांनी परत विचारलं. सगळं सिक्रसी लावून, बरं का. 'शत्रू' बाजूच्या डीएफवाल्यांना (रेडिओ लहरींची दिशा शोधणाऱ्यांना) त्यातलं अक्षरही कळलं नसेल. गरजच नव्हती. दोन ठिकाणांहून दिशा घेतली, नकाशावर दोन रेघा ओढल्या, छेदल्या तिथे आम्ही. उजाडायच्या आत सरावाच्या अंपायरने आमचं हेडक्वार्टर बाद केलं. नंतर साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, ऑपरेटरने सेट नीट लावला नव्हता. उत्तम लावला होता, साहेब. म्हणून तर इतके स्वच्छ सापडलो.

कोड फक्त शब्द झाकतो. कुठून बोलताय, किती बोलताय, आजच एवढं का बोलताय, हे उघडंच राहतं. 1971 मध्ये आपल्या नौदलाने नेमका त्याचाच फायदा घेतला. विमानवाहू नौका विक्रांत अंदमानात दडवली आणि जुनी विनाशिका राजपूत विशाखापट्टणमच्या समुद्रात विक्रांतच्या थाटात वायरलेसवर बडबडत राहिली. वर विक्रांतवरच्या खलाशाची म्हणून, आजारी आईची चौकशी करणारी तार मुद्दाम साध्या भाषेत सोडली. पाकिस्तानची गाझी पाणबुडी तिकडेच आली आणि 3-4 डिसेंबरच्या रात्री बुडाली. कशामुळे बुडाली यावर अजून वाद आहे. फसली यावर नाही.

आता एवढं मान्य करतो, की गोळीबार सुरू झाला की सायलेन्स संपतो. तोफखान्याकडे फायर मागायचा तर बोलावंच लागतं. फ्रिक्वेन्सी हॉपिंगचे, म्हणजे सतत फ्रिक्वेन्सी बदलत राहणारे सेट पकडणंही पूर्वीइतकं सोपं नाही. पण ढिलेपणा यंत्रात कमी आणि वरच्यांच्या जिभेत जास्त असतो, हे माझं मत बदललेलं नाही. 2023 च्या पहिल्याच रात्री युक्रेन युद्धात, रशियाच्या ताब्यातल्या माकिइव्का शहरात रशियाच्या तळावर रॉकेटं पडली. रशियानेच 89 मेल्याचं सांगितलं आणि मुख्य कारण दिलं जवानांचे मोबाइल. तिथेही बोट खालच्यांकडेच. एवढी माणसं एका इमारतीत कोंबायचा हुकूम काही त्या जवानांनी दिला नव्हता.