आदिवासींना पैसा दिल्याने वर्षावनं खरंच वाचतात का?

हो, वाचतात. ब्राझीलमधल्या शिंगू नदीच्या खोऱ्याचा उपग्रह-नकाशा उघडून बघा. गुरांची कुरणं आणि सोयाबीनची शेतं कायापो या आदिवासी लोकांच्या हद्दीला येऊन भिडलीत आणि हद्द लागली की एकदम गर्द हिरवं.

ती हद्द राखायला खर्च येतो: चौक्या, होडीचं इंजिन, डिझेल, रेडिओ. शिवाय पोटापाण्याची सोय हवी. तिथे ती ब्राझील नटमधून होते. नारळासारखं टणक फळ पावसाळ्यात आपसूक खाली पडतं, ते कोयत्याने फोडलं की आत दहा-वीस बिया. झाड तोडावंच लागत नाही. उलट आजूबाजूचं जंगल गेलं तर परागीभवन करणाऱ्या मोठ्या मधमाश्याही जातात आणि फळधारणा घटते.

खरी अडचण पैसा पोचण्याची आहे. २०२१ मध्ये ग्लासगोच्या हवामान परिषदेत आदिवासी आणि स्थानिक समुदायांसाठी १.७ अब्ज डॉलरचं वचन दिलं गेलं. पहिल्या वर्षी दिलेल्या रकमेतले जेमतेम ७ टक्के थेट त्यांच्या संघटनांच्या हाती पडले. मला हे फार खुपतं. आणि जमिनीचा कायदेशीर हक्क तर सगळ्यात आधी हवा, नाहीतर जंगलात घुसून बेकायदा सोनं उपसणाऱ्यांना कोणत्या अधिकाराने हुसकावणार?